जिनमध्ये चहापत्ती टाकायची, पण किती वेळ? घरी टी-जिन कॉकटेल करण्याआधी हे वाचा

रील जेमतेम वीस सेकंदांचं असतं. काचेची बाटली, तिच्यात चहापत्ती, वरून जिन. मग स्क्रीनवर 'रात्रभर ठेवा' असं लिहून येतं आणि पुढच्याच क्षणी सोनेरी रंगाचा ग्लास दिसतो, वर पांढराशुभ्र फेस, फेसावर लिंबाची साल. बघताना वाटतं, यात काय, हे आपल्यालाही जमेल.

मलाही वाटलं होतं. शनिवारी रात्री मित्राच्या फ्लॅटवर एक क्वार्टर जिन घेतली, स्वयंपाकघरातल्या डब्यातली दोन मोठे चमचे चहापत्ती तिच्यात घातली, झाकण लावलं आणि झोपलो. सकाळी बाटलीत जुन्या सागवानी कपाटाच्या पॉलिशसारखं काहीतरी तयार होतं. चमचाभर तोंडात घेतलं आणि पुढचा बराच वेळ जीभ टाळूला चिकटून बसली.

रीलवाल्याने एकच गोष्ट चुकीची सांगितली होती, ती म्हणजे वेळ. जिनमध्ये चहा रात्रभर ठेवायचा नसतो. बहुतेक चहांना तास-दोन तास खूप झाले, आणि आपल्या रोजच्या चहाला तर पंधरा मिनिटंही पुरतात. हे असं का होतं ते एकदा समजलं की बाकीची कृती लिंबू सरबताइतकी सोपी आहे. शिवाय बिघडलेली बाटली वाचवताही येते. माझी वाचली, ते पुढे सांगतो.

चहा आणि जिनचं जमतं कसं?

जिन म्हणजे स्वतःची फारशी चव नसलेलं अल्कोहोल, ज्याला ज्युनिपर नावाच्या झुडपाच्या फळांचा वास दिलेला असतो. ज्युनिपर नाही तर जिन नाही. युरोपियन युनियनच्या नियमानुसार तर जिनमध्ये ज्युनिपरची चव ठळक असावी लागते आणि अल्कोहोल किमान ३७.५ टक्के. आपल्याकडे हे फळ अगदीच परकं आहे असं नाही. संस्कृतमध्ये त्याला हपुषा म्हणतात, आणि गोव्यात तयार होणाऱ्या 'हापुसा' या जिनचं नाव तिथूनच आलंय. हापूस आंब्यावरून नाही, हे मुद्दाम सांगतो, कारण माझाही तोच समज होता.

ज्युनिपरनंतर जिनमध्ये हमखास पडणारी दुसरी गोष्ट म्हणजे आपले धणे. धण्याच्या तेलात लिनालूल नावाचा सुगंधी घटक सगळ्यात जास्त असतो. हाच लिनालूल काळ्या चहाच्या वासातही असतो. आणि अर्ल ग्रे चहाला ज्या बर्गमॉट नावाच्या लिंबूवर्गीय फळाच्या तेलाचा वास देतात, त्यातही तो भरपूर असतो. म्हणजे चहा आणि जिन या दोघांच्या वासात एक सामाईक धागा आधीपासूनच आहे. व्हिस्की किंवा रममध्येही चहा भिजवतात, पण तिथे लाकडाची आणि उसाची चव आधीच बसलेली असते. जिनमध्ये चहाला ऐसपैस जागा मिळते.

गंमत म्हणजे इतिहासात हे दोघं एकमेकांचे विरोधक होते. अठराव्या शतकात लंडनमध्ये स्वस्त जिनने इतका धुमाकूळ घातला की १७५१ मध्ये ब्रिटिश संसदेला जिनसाठी वेगळा कायदा करावा लागला. त्याच वर्षी विल्यम होगार्थने 'जिन लेन' हे चित्र काढलं, ज्यात नशेत असलेल्या आईच्या हातून बाळ खाली पडताना दिसतं. पुढे एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमधल्या दारूबंदीवाल्यांनी लोकांना दारूपासून तोडायला चहाच पुढे केला, चहापानाच्या सभा भरवल्या. (टीटोटलर या शब्दातल्या 'टी'चा मात्र चहाशी संबंध नाही, ते 'टोटल'मधल्या टी अक्षरावर दिलेला जोर आहे.)

दारूत चहा घालायची कल्पना मात्र जुनी आहे आणि तिचा आपल्या भूमीशी संबंध आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या लोकांनी इथून पंच नावाचं पेय उचललं. १६३२ च्या एका पत्रात त्याचा उल्लेख सापडतो. दारू, साखर, लिंबू, पाणी आणि मसाला किंवा चहा अशा पाच गोष्टी म्हणून पंच, असं मानलं जातं. सगळ्या अभ्यासकांना ही व्युत्पत्ती पटलेली नाही, पण इंग्लंडमध्ये पुढे पंचात चहा पडत राहिला हे खरं.

आजचं टी-जिन कॉकटेल गाजवलं ते न्यूयॉर्कच्या ऑड्री सॉन्डर्स यांनी. त्यांच्या कॉकटेलचं नाव 'अर्ल ग्रे मार-टी-नी'. मॅनहॅटनमधला त्यांचा पेगू क्लब हा बार २००५ मध्ये सुरू झाला आणि २०२० मध्ये कोविडच्या काळात बंद पडला, पण त्यांची कृती जगभर फिरली. जिनच्या एका मोठ्या बाटलीला चार मोठे चमचे अर्ल ग्रे, दोन तास. नंतर लिंबू, साखरेचा पाक आणि अंड्याचा पांढरा भाग. रीलवाले दाखवतात ते याचंच कुठलं तरी भावंड असतं, फक्त दोन तासांची कधी रात्र झाली ते कुणालाच कळलं नाही.

आणि हो, लाँग आयलंड आइस्ड टीमध्ये जिन असते, चहा नसतो. तो रंग कोलाचा.

कडू आणि तुरट यात फरक आहे

मराठीत तुरट ही वेगळी चव आहे, षड्रसांपैकी एक. कारलं कडू असतं, सुपारी तुरट असते. कच्चं केळं, आवळा, जांभूळ खाल्ल्यावर जीभ खरखरीत होते आणि तोंड कोरडं पडल्यासारखं वाटतं, तो तुरटपणा. चहातली टॅनिन आपल्या लाळेतल्या प्रथिनांना चिकटतात, लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि तोंड आवळल्यासारखं होतं. माझ्या त्या बाटलीचं दुखणं हेच होतं. कडूपणा साखरेने थोडाफार झाकता येतो. तुरटपणा साखरेला दाद देत नाही.

आता जिनमध्ये नेमकं काय होतं ते बघू. भारतात मिळणाऱ्या बहुतेक जिनवर ४२.८ टक्के असा आकडा छापलेला असतो. म्हणजे बाटलीत साधारण निम्म्याहून थोडं कमी अल्कोहोल आणि उरलेलं जवळजवळ सगळं पाणी. चहाच्या वासाची तेलं पाण्यात नीट विरघळत नाहीत, अल्कोहोलमध्ये चटकन विरघळतात. आणि टॅनिन ओढून घ्यायला अल्कोहोल-पाण्याचं मिश्रण थंड पाण्यापेक्षा जास्त तरबेज असतं. गार पाण्यात चहा उतरायला रात्र लागते, ती सवय आपण जिनलाही लावायला जातो. इथे मात्र पहिल्या तासाभरात हवा तेवढा वास उतरलेला असतो. त्यानंतर ग्लासात भर पडते ती मुख्यतः तुरटपणाची.

दुसरं कारण आपल्या डब्यातला चहा. घरोघरी असतो तो सीटीसी चहा, पानं चिरडून, फाडून, वळवून केलेले बारीक दाणे. १९३० च्या दशकात आसाममध्ये ही पद्धत आली आणि तिने कडक, लाल, दुधातही टिकणारा चहा दिला. दाणे बारीक, त्यामुळे द्रवाला भिडणारा पृष्ठभाग जास्त, त्यामुळे सगळं भराभर उतरतं. दूध-साखरेच्या चहाला हे वरदान आहे, जिनला नाही. सीटीसीच वापरायचा असेल तर एका क्वार्टरला एक लहान चमचा घ्या, दर पाच मिनिटांनी चव घ्या आणि पंधराव्या मिनिटाला गाळून टाका.

पण खरं सांगायचं तर पानांचा चहा आणा. अर्ल ग्रे सगळ्यात सोपा, कारण त्याचा वास ठळक असतो आणि थोडंफार चुकलं तरी सांभाळून घेतो. दार्जिलिंग नाजूक आहे, तासाभरात काढला तर फार सुंदर लागतो. ग्रीन टी आणि जास्मिन टीला मी अर्ध्या तासापलीकडे थांबत नाही. टी बॅगमध्ये बहुधा चहाचा चुरा असतो, तिला सीटीसीसारखंच वागवा.

आता कृती

१८० मिलीची एक क्वार्टर घ्या. महाग जिन लागत नाही, चहाखाली तिचे बारकावे दबतातच. पण वास घेऊन घशाला झोंबणारी अगदी हलकीही नको, चहा तिची चूक लपवत नाही. स्वच्छ, कोरडी काचेची बरणी घ्या. लोणच्याची बरणी असेल तर वास घेऊन बघा, मेथी-मोहरी काचेच्या झाकणातून वर्षभर जात नाही. तिच्यात एक मोठा चमचा पानांचा चहा, म्हणजे साधारण पाच-सहा ग्रॅम. वर जिन ओता, झाकण लावा, हलकेच हलवा आणि उन्हापासून लांब ओट्याच्या कोपऱ्यात ठेवा.

अर्ध्या तासाने पाव चमचा चव घ्या. मग दर पंधरा मिनिटांनी. वास भरपूर आलाय आणि जिभेच्या कडांना पहिल्यांदा किंचित आवळल्यासारखं वाटतंय, तोच क्षण. घड्याळ काहीही सांगो, तिथे थांबा. माझं अर्ल ग्रेचं गणित सव्वा तासावर येतं, तुमच्या चहाचं वेगळं येईल. आधी चहाच्या गाळणीतून, मग सुती फडक्यातून गाळा. फडकं पिळू नका. चक्का बांधताना पिळायची सवय असते, इथे शेवटच्या चार थेंबांत सगळा तुरटपणा साठलेला असतो.

जिन गॅसवर गरम करू नका. हे मी ठळक अक्षरात लिहायला हवं, कारण चहा म्हटला की आपला हात आपोआप पातेल्याकडे जातो. साधारण ४० टक्के अल्कोहोल असलेल्या मद्याची वाफ २६ अंशांच्या आसपासही ज्योतीने पेट घेऊ शकते. मुंबईत एवढं तापमान जानेवारीतल्या दुपारीही असतं. म्हणून गाळण्याचं कामही पेटत्या शेगडीजवळ नको.

आता ग्लास. एकासाठी चहाची जिन ४५ मिली, ताज्या लिंबाचा रस २० मिली, पाक २५ मिली. पाक म्हणजे साखर आणि पाणी समप्रमाणात घेऊन विरघळवलेलं, गार केलेलं, तार वगैरे काही नाही. मोजायला पेगचं माप नसेल तर खोकल्याच्या औषधावरचं मापाचं झाकण चालतं. परदेशी कृतीत जे लेमन असतं ते आपल्या कागदी लिंबापेक्षा सौम्य असतं, म्हणून रस आधी १५ मिली घालून बघा.

यात चौथी गोष्ट म्हणजे अंड्याचा पांढरा भाग, एका अंड्याचा. तो नुसत्या फेसासाठी नसतो. अंड्यातली प्रथिनं टॅनिनला धरून ठेवतात, म्हणजे टॅनिनला आपल्या लाळेऐवजी दुसरं गिऱ्हाईक मिळतं. कच्च्या अंड्यात साल्मोनेला जिवाणूचा धोका असतो, लिंबू किंवा जिनने तो जातो असं समजू नका. गरोदर स्त्रियांनी मद्यच टाळायचं असतं, तेव्हा तो प्रश्न नाही, पण प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी आणि ज्यांना नकोच आहे त्यांनी काबुली चणे शिजवल्यावर उरलेलं पाणी २० मिली घ्यावं. मीठ न घालता शिजवलेले हवेत. छोल्यांचा वास येईल अशी भीती मलाही होती. लिंबापुढे तो टिकत नाही.

सगळं आधी बर्फाशिवाय पंधरा सेकंद जोरात हलवायचं, फेस इथे तयार होतो. मग बर्फ घालून पुन्हा पंधरा सेकंद. शेकर नसेल तर जिमचा प्रोटीन शेकर वापरा, झाकणावर बोट दाबून. गाळून थंडगार ग्लासात ओता. टॉनिक वॉटर घालायचा मोह टाळा. त्यात क्विनीनचा कडूपणा असतो, तुरट आणि कडू एकत्र आले की काढा होतो. लांब ग्लास हवा असेल तर साधा सोडा.

बाटली बिघडलीच तर

आपण चहात दूध का घालतो? सवय, परंपरा, सगळं खरं. पण दुधातलं केसीन हे प्रथिन टॅनिनला पकडतं आणि कडक चहा मऊ होतो, हेही त्यामागे आहे. वर अंड्याने जे केलं तेच काम आपल्या घरात रोज सकाळी दूध करतं. बारवाल्यांनी याचीच एक युक्ती केली आहे. तिला मिल्क वॉशिंग म्हणतात, म्हणजे दारू दुधाने धुणं. न्यूयॉर्कचे डेव्ह अर्नॉल्ड यांनी चहा भिजवलेल्या व्होडकावर ती करून दाखवली आणि २०१४ मध्ये आलेल्या त्यांच्या 'लिक्विड इंटेलिजन्स' या पुस्तकात सविस्तर लिहिली.

माझी सागवानी पॉलिशची बाटली अशीच वाचली. भांड्यात ४५ मिली गार दूध घेतलं. त्यात १८० मिली चहाची जिन हळूहळू ओतली. क्रम हाच ठेवायचा, जिनमध्ये दूध ओतलं तर ते लगेच फुटतं आणि काम अर्धवट होतं. मग दोन लहान चमचे लिंबाचा रस. पनीर करताना नासवतो तसं दूध फाटलं. अर्धा तास तसंच ठेवलं आणि फडक्यातून दोनदा गाळलं, घाई न करता. चोथ्यासोबत टॅनिन निघून गेले. खाली जे आलं ते फिकट सोनेरी, जवळजवळ पारदर्शक होतं. वास चहाचाच, पण जीभ मोकळी. वर दुधातल्या निवळीची प्रथिनं त्यात उरतात, त्यामुळे हलवल्यावर अंड्याशिवाय फेस येतो. दुधाची अॅलर्जी असलेल्या पाहुण्याला मात्र हे देऊ नका, आणि फ्रिजमध्ये ठेवून आठवडाभरात संपवा. साधी चहाची जिन जास्त दिवस टिकते, वास मात्र हळूहळू उतरत जातो.

फ्रिजवरून आठवलं. त्या रविवारी स्वयंपाकाच्या काकूंनी फ्रिजमधून ती बाटली काढली आणि विचारलं, "हा कोरा चहा कुणाचा राहिलाय? गरम करून देऊ?" पातेलं त्यांच्या दुसऱ्या हातात होतं. चहाची जिन हुबेहूब कोऱ्या चहासारखी दिसते. घरात लहान मुलं, आजी-आजोबा, डायबेटिस किंवा झोपेच्या गोळ्या घेणारं कुणी असेल तर हा विनोद राहत नाही. पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत ती भरू नका. मूळ बाटलीतच परत ओता, वर मोठ्या अक्षरात 'दारू आहे' असं लिहा, तारीख टाका आणि हात पोचणार नाही तिथे ठेवा. 'टी जिन' असं लिहिलंत तर काकूंना काही कळणार नाही.

कायद्याचं काय?

महाराष्ट्रात जिन, व्हिस्की, रमसाठी किमान वय २५ आहे. बिअर आणि वाइनचं २१, त्यावरून लोक गल्लत करतात. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार मद्य विकत घ्यायला, बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो, घरी बसून प्यायलात तरी. राज्य उत्पादन शुल्क विभाग तो एक दिवसाचा, वर्षाचा आणि आजीवन असा देतो. वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत दारूबंदी आहे, तिथे हा लेख फक्त माहितीसाठी. गोव्यात वय २१ आहे आणि जिन स्वस्त आहे, म्हणून डिकीत बाटल्या भरून निघणारे पुष्कळ. पण गोव्यात विक्रीसाठी असलेलं मद्य परवानगीशिवाय महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे, आणि इन्सुलीच्या नाक्यावर गाडी थांबली की 'सर, कॉकटेल शिकतोय' हे कारण चालत नाही. घरी भिजवलेली जिन पैसे घेऊन विकणंही गुन्हाच.

आणखी एक. चहा भिजवल्याने मिथेनॉल वगैरे काही तयार होत नाही, तो प्रश्न घरगुती भट्टीचा. पण चहाने जिन हलकीही होत नाही. ४५ मिलीत साधारण १५ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं, जागतिक आरोग्य संघटना ज्याला एक ड्रिंक धरते त्याच्या दीडपट. लिंबू, साखर आणि फेसामुळे ते जाणवत नाही, चहातल्या कॅफिनमुळे झोपही येत नाही, आणि माणसाला वाटतं आपण ठीक आहोत. गाडीची चावी कुणाकडे द्यायची ते पहिल्या ग्लासाआधी ठरवा.

आणि आपला गवती चहा

सगळ्यात शेवटी सांगतोय, पण मला सगळ्यात आवडलेला प्रकार हाच. गवती चहा हा मुळात चहा नाही, ते गवत आहे. त्यात चहासारखा तुरटपणा नसतो, त्यामुळे वर सांगितलेला घड्याळाचा सगळा जाच इथे संपतो. त्याचा लिंबासारखा वास सिट्रालचा, आणि तो जिनमध्ये मस्त उतरतो. चार-पाच ताजी पाती धुवून, पूर्ण कोरडी करून, कात्रीने कापून क्वार्टरमध्ये टाका. चार तासांनी चव घ्या, रात्रभर राहिली तरी बिघडत नाही. रंग फिकट पोपटी येतो, त्यामुळे कोऱ्या चहाचा घोटाळाही नाही. बाटलीवर नाव मात्र तरीही लिहा. लिंबू थोडं कमी, आल्याचा एक पातळ काप, वर सोडा. अंडं, छोले, दूध, काहीच लागत नाही.